तेच सूर, दुसरा उन्हाळा: सांता क्लारा व्हॅनगार्ड, १९८८ आणि १९८९

ऑगस्ट १९८८, कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम. ड्रम कोअर म्हणजे मैदानावर कवायत करत ब्यूगल आणि तालवाद्यं वाजवणारं तरुणांचं पथक. अशा पथकांच्या ड्रम कोअर इंटरनॅशनल स्पर्धेच्या अंतिम फेरीत मॅडिसन स्काउट्स ९७.१ गुणांनी पहिले आले. कॅलिफोर्नियाचा सांता क्लारा व्हॅनगार्ड एका गुणाच्याही आत मागे राहिला आणि दुसरा आला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच स्टेडियमवर व्हॅनगार्डने ९८.८ गुण मिळवून विजेतेपद घेतलं. दोन्ही वर्षी मैदानावर संगीत एकाच संगीतिकेचं होतं: अँड्र्यू लॉइड वेबरच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चं.

यावरून सहज काढला जाणारा निष्कर्ष असा की पहिल्या वर्षी थोडं कच्चं राहिलं, दुसऱ्या वर्षी तेच घोटून पक्कं केलं आणि जिंकले. त्यात तथ्य असेलही, पण गुणांच्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. का होत नाही आणि मग तुलना करायची तरी कशाची, एवढ्यापुरतं हे प्रकरण आहे.

आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकांच्या सवयीने पाहिलं तर यात विशेष काही वाटणार नाही. पुण्यातलं पथक तेच ताल वर्षानुवर्षं वाजवतं, एखादा नवा ताल बसला तर त्याचं कौतुक होतं. ड्रम कोअरमध्ये रीत उलटी आहे. थंडीत निवड आणि शनिवार-रविवारची शिबिरं, जूनपासून बसने देशभर दौरा, ऑगस्टच्या मध्याला अंतिम फेरी, आणि मग तो कार्यक्रम संपला. पुढच्या वर्षी नवं संगीत, नवी कवायत. एखादी रचना पुन्हा घेतल्याची उदाहरणं आहेत. रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने ‘स्पार्टाकस’ १९८१ आणि १९८२ अशी सलग दोन वर्षं वाजवली होती. पण विजेतेपद हुकलेल्या कार्यक्रमाचं संगीत लगेच पुढच्या वर्षी पुन्हा मैदानावर नेणं धाडसाचं असतं. परीक्षकांना तो बाज माहीत झालेला असतो आणि परिणामासाठीच्या गुणांत नवेपणाचा वाटा मोठा असतो.

आधी स्थिर काय होतं ते पाहू, कारण तुलनेचा पाया तोच आहे. अंतिम फेरीचं स्टेडियम एकच, महिना एकच. संस्थेचे संचालक एकच: १९६७ मध्ये व्हॅनगार्ड उभा राहिल्यापासून गेल रॉयर हेच सूत्रं सांभाळत होते. सदस्यसंख्येची मर्यादा दोन्ही वर्षी १२८. वाद्यं म्हणजे जी स्वराची, दोन व्हॉल्व्हची ब्यूगल आणि तालवाद्यं. मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभी असलेली झायलोफोन, मरिंबा, व्हायब्राफोनसारखी वाद्यं, म्हणजे ‘पिट’, ध्वनिवर्धकाविना वाजायची. पिटला मायक्रोफोन लावायची परवानगी २००४ मध्ये आली. मैदान अमेरिकन फुटबॉलचं: लांबी १०० यार्ड, म्हणजे ९१.४ मीटर, आणि रुंदी ५३ यार्ड १ फूट, म्हणजे ४८.८ मीटर.

बदलली ती माणसं. वयाची कमाल मर्यादा २१ असल्यामुळे दर वर्षी वरची फळी बाहेर पडते आणि खालून नवी येते. म्हणजे ‘त्याच कोअरने तेच संगीत पुन्हा वाजवलं’ हे वाक्य निम्मंच खरं आहे. त्यातल्या काहींनी पुन्हा वाजवलं, उरलेल्यांनी पहिल्यांदा.

दुसरा बदल झाला तो श्रोत्यांमध्ये. ही संगीतिका लंडनमध्ये ९ ऑक्टोबर १९८६ रोजी सुरू झाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ती २६ जानेवारी १९८८ रोजी आली आणि त्याच जूनमध्ये तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. व्हॅनगार्डचा पहिला दौरा सुरू झाला तेव्हा अमेरिकेत हे संगीत ताजं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते वर्षभर गाजत होतं. पहिल्या वर्षी प्रेक्षक सुरावट ओळखू पाहत होता, दुसऱ्या वर्षी तो तिची वाट पाहत होता. टाळ्या कुठे पडतात यावरून दोन सादरीकरणांची तुलना करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

आता गुण. १९८९ मध्ये दुसरी आलेली फँटम रेजिमेंट ९८.४ वर होती. (नावावरून घोटाळा नको. या कोअरचा त्या संगीतिकेशी संबंध नाही, त्यांनी त्या वर्षी द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी घेतली होती.) हा आकडा १९८८ च्या विजेत्यांच्या ९७.१ शेजारी ठेवून पाहा. एका वर्षीचा उपविजेता आदल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा १.३ गुणांनी वर. सगळ्या कोअर एकाच वर्षात तेवढ्या सुधारल्या असं मानायचं, की गुण देण्याची पट्टीच वर सरकली असं? आम्हाला दुसरं जास्त पटतं. परीक्षक त्या रात्री समोर आलेल्या कोअरना एकमेकांच्या तुलनेत बसवतात. पहिल्याला एकदा ९८ च्या वर नेलं की खालचेही वर सरकतात. त्यामुळे व्हॅनगार्डच्या दोन वर्षांतल्या गुणांची वजाबाकी करून ‘इतके टक्के सुधारणा’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या दुकानांतल्या तराजूंवर केलेली वजनं एकमेकांतून वजा करणं. वापरण्याजोगं आहे ते त्याच रात्रीचं अंतर आणि क्रम. १९८८ मध्ये व्हॅनगार्ड पहिल्याच्या किंचित मागे, १९८९ मध्ये दुसऱ्याच्या ०.४ पुढे. त्यातही पुढचं-मागचं कोण, यावर त्या अंतराचा अर्थ ठरतो.

१९८४ च्या आधीची एखादी जोडी कोणी तुलनेला घेतली तर आणखी एक खड्डा आहे. तोवर प्रत्येक चुकीला दशांश कापण्याची ‘टिक’ पद्धत होती. ती गेल्यावर गुण वरून कापण्याऐवजी खालून चढवले जाऊ लागले. १९८८ आणि १९८९ दोन्ही त्या बदलानंतरची, म्हणून ही जोडी निदान त्या बाबतीत स्वच्छ आहे.

गुण बाजूला ठेवले की उरतो आवाज, आणि आवाजाच्या तुलनेत सगळ्यात जास्त सांगून जातं ते वाद्य. दोन व्हॉल्व्हचं ब्यूगल म्हणजे अपुऱ्या स्वरांचं वाद्य आहे. व्हॉल्व्ह न दाबता त्यातून फक्त स्वयंभू स्वर निघतात. वादकाच्या कागदावरच्या, म्हणजे लिखित, नावांनी (जी च्या ब्यूगलवर लिखित सी प्रत्यक्षात जी वाजतो) ते खालचा सी, त्यावर जी, त्यावर सी, ई, जी आणि पुढे. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की स्वर अर्ध्याने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण एका स्वराने, दोन्ही दाबले की दीडाने. म्हणजे प्रत्येक स्वयंभू स्वराखाली फक्त तीन पायऱ्या. खालच्या सी पासून जी पर्यंत सात अर्धस्वरांचं अंतर आहे. जी वरून तीन पायऱ्या उतरलं की ई येतो. त्याखालचे ई फ्लॅट, डी आणि सी शार्प हे तीन स्वर वाद्यात नाहीतच. जी आणि वरचा सी यांच्यामध्येही ए फ्लॅट गायब. वरच्या सी च्या वर मात्र स्वयंभू स्वर जवळजवळ येतात आणि सगळं भरून निघतं.

आता या संगीतिकेची ओळख काय, तर प्रारंभिकेतली ऑर्गनची ती अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारी आणि पुन्हा चढणारी ओळ. मूळ डी मायनरमध्ये ती डी पासून बी फ्लॅटपर्यंत पाच स्वर उतरते. जी च्या ब्यूगलवर ते लिखित जी, एफ शार्प, एफ, ई आणि ई फ्लॅट होतात. वरच्या सप्तकात पाचही स्वर निघतात. खालच्या सप्तकात चार निघतात आणि पाचवा, म्हणजे जिथे ओळ जाऊन टेकते नेमका तोच ई फ्लॅट, नाही! स्वरपट्टी बदलून पळवाट निघेल असं वाटेल, म्हणून मांडून पाहा. लिखित खालच्या सी पासून त्याच्या वरच्या सी पर्यंत कुठल्याही स्वरावरून सुरू करून सलग पाच अर्धस्वर उतरा, एक तरी स्वर हातात नसतो. वरच्या सी च्या पुढच्या सी शार्पवरून सुरू केलं तर पहिल्यांदा पाचही मिळतात.

सोप्रानोला, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या ब्यूगलना, याचा त्रास कमी. ते वरच वाजतात आणि त्यांना न निघणारा बी फ्लॅट त्याच उंचीवर बॅरिटोन आपल्या वरच्या पट्टीतून देऊ शकतात. अडचण तळाशी येते. कॉन्ट्राबासच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या ब्यूगलच्या, सगळ्यात खालच्या सप्तकात राहिलेली फट भरायला त्याच्या खाली वाद्यच नाही. ऑर्गनच्या पायपट्टीचा जो खोल घुमारा या संगीताला हवा, तो नेमका तिथेच तुटतो. मांडणी करणाऱ्यासमोर मग तीन वाटा उरतात. खालची ओळ एक सप्तक वर उचलायची आणि वजन घालवायचं. न निघणाऱ्या स्वरापाशी बासला त्या स्वरसंघातला (कॉर्डमधला) दुसरा स्वर देऊन ओळ वरच्या आवाजांकडे सोपवायची. किंवा वादकाने तो स्वर ओठांनी खाली ओढून आणायचा. तिसरी वाट कागदावर सोपी दिसते, पण मैदानावर चालताना असा ओढलेला स्वर थरथरतो आणि प्रत्येकाचा वेगळ्या उंचीवर बसतो.

म्हणून दोन वर्षांची ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकताना कान आधी इथे लावावा. तोच उतार, सगळ्यात खालचा आवाज, शेवटचा स्वर. तो कोणाच्या तोंडी आहे? स्वर स्थिर आहे की सरकतोय? दोन्ही वर्षी तोडगा एकच आहे की बदललाय? वाजवण्यातली सुधारणा आणि मांडणीतली सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करायची सगळ्यात चांगली जागा ही.

स्वरमेळाचंही असंच. दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळीची लांबी हवी त्याहून किंचित कमी पडते आणि स्वर साधारण १० सेंट चढा लागतो. अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. उलट पाचवा स्वयंभू स्वर, म्हणजे लिखित ई, जन्मतःच १४ सेंट उतरलेला. त्यामुळे मधल्या पट्टीतला लिखित ए चढा, तर त्याच दोन व्हॉल्व्हने घेतलेला वरचा सी शार्प दोन चुका एकमेकींना खाऊन जवळजवळ बरोबर. मंद, लांब धरलेल्या सुरावटीत हे दोन स्वर कसे लागतात यावरून शिक्षकांनी स्वर मिळवण्यावर किती तास घातलेत ते कळतं. जोरकस भागात हे शोधू नये. तिथे सगळंच झाकलं जातं.

दुसरी जागा म्हणजे श्वास. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही, ब्यूगलवाल्याला लागतो. लांब सूर अखंड ऐकू यायचा असेल तर शेजारशेजारच्या वादकांनी वेगवेगळ्या मात्रांवर श्वास घ्यायचा, आणि परत सुरात शिरताना आघात करायचा नाही. कच्च्या फळीत दोन चुका होतात. सगळे सोयीच्या जागी, म्हणजे वाक्य संपतं तिथे, एकदम श्वास घेतात आणि सूर खचतो. किंवा परत येणारा जण जिभेने स्वर ठोकतो आणि भिंतीत खिळे दिसावेत तसे ठिपके ऐकू येतात. या दोन्ही खोडी एका हंगामात कमी होतात, पण जात नाहीत. दुसऱ्या हंगामात जुन्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात की पुसलेल्या, ते नेमकं इथेच कळतं.

मैदानाच्या मापाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. पाच यार्डांत आठ पावलं हे नेहमीचं माप, म्हणजे पाऊल २२.५ इंचांचं. मिनिटाला १६० च्या लयीत अशी १६० पावलं टाकली की बरोबर १०० यार्ड होतात: एका मिनिटात मैदानाची अख्खी लांबी, तोंडाला ब्यूगल लावून. लय पाचने वाढवली तर दर मिनिटाला तीन यार्ड जास्त. संगीताच्या कागदावर ‘थोडं जलद’ एवढाच बदल दिसतो, पायांना तो वेगळाच कळतो. म्हणून दुसऱ्या वर्षी लय वाढलेली आढळली तर लगेच ‘आत्मविश्वास वाढला’ म्हणू नये. त्या जागी कवायत सोपी झाली आहे का, पावलं आखूड झाली आहेत का, हे चित्रफितीवर पाहावं.

आणि आवाजाला लागणारा वेळ. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या मागच्या रेषेवरून पुढच्या रेषेवर यायला त्याला ०.१४ सेकंद लागतात. १६० च्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदांची, तिचा चौथा भाग ०.०९४ चा. म्हणजे मागचा ढोलवाला आणि पुढचा पिटवाला दोघेही हाताने लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघून एकाच क्षणी वाजवतील, तर प्रेक्षकाला त्यांच्यात पाव मात्रेची दीडपट फट ऐकू येईल. म्हणून नियम असा की मागच्यांनी हात पाहायचा आणि पुढच्यांनी मागून येणारा आवाज ऐकून त्यावर बसायचं. पिट हाताकडे पाहून वाजवू लागला की तो नेहमी पुढे पळतो. नव्या सदस्याला हे कळायला वेळ लागतो, कारण डोळ्यांना दिसतंय ते सोडून कानांवर विश्वास ठेवायचा असतो.

इथेच ध्वनिमुद्रणं ऐकणारे फसतात. मायक्रोफोन पुढच्या रेषेजवळ एका बाजूला असेल तर त्या बाजूचे वादक आधी आणि पलीकडचे उशिरा ऐकू येणारच. ५० यार्डांच्या फरकाला ०.१३ सेकंद. ती वादकांची चूक नाही. ओळखायचं कसं? मुद्रण डाव्या-उजव्या वाहिन्यांचं असेल तर दोन्ही वेगवेगळ्या ऐका. एका वाहिनीत डावे पुढे आणि दुसरीत उजवे पुढे, तर तो भूमितीचा खेळ. दोन्ही वाहिन्यांत तोच गट मागे, तर गट खरोखरच मागे आहे. आपल्याकडे मिरवणुकीत ताशाशेजारी उभं राहून मोबाइलवर घेतलेलं मुद्रण लावून ‘यंदा ढोल मागे पडले’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय त्या ढोलाचं पान आणि दोर पावसाळी हवेत सैल पडलेले असतात, म्हणून ठोका गोल आणि उशिरा आल्यासारखा वाटतो. ती वेगळीच भानगड.

तुलना प्रत्यक्ष करायची तर क्रम असा ठेवावा.

पहिल्यांदा फितीचा वेग तपासायचा. त्या काळातली मुद्रणं बहुधा कॅसेट किंवा चित्रफितीवरून संगणकावर उतरवलेली असतात. फीत एक टक्का जलद फिरली तर स्वर १७ सेंट चढतो आणि १६० ची लय १६१.६ दिसते. तपासायला पिट उपयोगी पडतो. ब्यूगलचा स्वर हवेच्या तापमानाबरोबर, दर अंश सेल्सियसला तीन सेंटच्या आसपास, हलतो. मरिंबा किंवा व्हायब्राफोनच्या पट्ट्या त्या मानाने खूपच स्थिर. दोन्ही मुद्रणांत पिटचा एकच स्वर मोकळा ऐकू येतो अशी जागा शोधायची, त्याची उंची मोजायची आणि फरकाइतका वेग दुरुस्त करायचा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारी सोय वापरावी. फक्त स्वर किंवा फक्त वेग बदलणारी वापरली तर पुढची सगळी मोजमापं बिघडतात. पिटची वाद्यं ४४० ला लावलेली की ४४२ ला, यातच आठ सेंटचा फरक असतो. त्यामुळे अर्ध्या टक्क्याहून बारीक दुरुस्तीचा आव आणू नये.

लय मोजताना लोक आठ-सोळा मात्रा टिचकीने मोजतात आणि दशांशात उत्तर देतात. १६० च्या लयीत १६ मात्रा म्हणजे सहा सेकंद. दोन्ही टोकांना बोट ०.०५ सेकंदाने चुकलं तर ०.१ ची चूक, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के, म्हणजे १५७ ते १६३ मधलं काहीही. ६४ मात्रा मोजल्या की तीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते. म्हणून स्थिर लयीचे लांब पट्टे निवडायचे, प्रत्येक तीनदा मोजायचा आणि मधलं उत्तर घ्यायचं. लय बदलते त्या सांध्यांवर असं मोजता येत नाही. तिथे सॉनिक व्हिज्युअलायझर या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मात्रेवर खूण करून आलेख पाहावा. त्याच साधनात दोन सादरीकरणं एकमेकांवर बसवून दाखवणारी ‘मॅच’ नावाची जोडणीही आहे. मांडणी दोन्ही वर्षी सारखी असेल तिथेच ती नीट चालते. मध्ये चार मात्रा घातल्या किंवा काढल्या असतील तर तिथे रेघ अचानक वळते. हा दोष समजू नका, उलट मांडणीत बदल कुठे झालाय ते त्यातून फुकट कळतं.

मग समतोल. हा यंत्राने मोजू नये. मायक्रोफोनची जागा बदलली की पिट आणि ब्यूगल यांचं प्रमाण बदलतं, आणि दोन वर्षांच्या मुद्रणांत ती जागा एकच होती असं धरून चालता येत नाही. तुलना करायची ती त्याच मुद्रणाच्या आतली: हळुवार भागात पिट जितका मोकळा ऐकू येतो, त्याच्या तुलनेत जोरकस भागात तो किती बुडतो. ध्वनिवर्धक नसलेल्या पिटला ऐकू आणायचं तर ब्यूगलनी जागा सोडावी लागते किंवा पिटने कडक डोक्याच्या काठ्या घ्याव्या लागतात. काठ्या कडक झाल्या की आवाजाची धार वाढते आणि मरिंबाचा लाकडी गोडवा जातो. हा फरक मुद्रण वाईट असलं तरी लपत नाही.

मैदानाचा प्रतिध्वनीही विसरू नये. ॲरोहेड वाडग्यासारखं, सगळीकडून उंच बैठकांनी वेढलेलं आहे. समोरची भिंत १०० मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला ०.५८ सेकंद लागतात, आणि १०० च्या लयीतली मात्रा ०.६ ची असते. तोड केलेला सूर पुढच्या मात्रेवर भूत होऊन परततो. स्टेडियम दोन्ही वर्षी तेच असल्याने हा दोष दोन्हीकडे सारखा, आणि म्हणूनच अंतिम फेरीची ही जोडी चांगली. जूनमधल्या एखाद्या शाळेच्या मोकळ्या मैदानावरचं मुद्रण ऑगस्टमधल्या स्टेडियमशेजारी ठेवलं तर ती तुलना कोअरची उरत नाही, भिंतींची होते.

एखादी कोअर तेच संगीत दुसऱ्या हंगामात घेते तेव्हा आत काय बिघडतं, हेही या प्रकरणाला धरून सांगायला हवं, कारण बाहेरून सगळं सोपं झाल्यासारखं दिसतं. सगळ्यात हटवादी चूक जुन्या सदस्यांची असते. मांडणीत सोळा मात्रांचा तुकडा बदलला की नवा मुलगा कागदावरचं शिकतो आणि तेच वाजवतो. जुन्याचे हात आणि पाय आदल्या उन्हाळ्यात जातात, तेही दमल्यावर, कार्यक्रमाच्या शेवटच्या तीन मिनिटांत. यावर एक साधा उपाय आहे: बदललेल्या भागाला कागदावरचं जुनं खुणेचं अक्षर किंवा क्रमांक ठेवायचा नाही. ‘एफ पासून’ म्हटलं की जुना एफ आठवतो. त्या भागाला नवं नाव द्यायचं आणि जुने कागद गोळा करून घ्यायचे.

दुसरी गडबड लयीची. जुन्यांना पूर्ण वेग येत असतो म्हणून तालीम पहिल्या शिबिरापासूनच वेगात सुरू होते. नव्यांना ती ओळ हळू वाजवून आतून ऐकायची संधीच मिळत नाही आणि जुलैत ती पुसट होते. अशा ओळी सगळ्यांनीच, जुन्यांनीही, निम्म्याहून थोड्या जास्त वेगापासून पुन्हा चढवाव्या लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे भर घालण्याचा मोह. येतंय म्हणून तालवाद्यांच्या ओळीत आणखी ठोके, आणखी अलंकार. १९८० च्या दशकातल्या कोअरना हा रोग होताच. पाव मात्रेच्या दीडपट फटीच्या मैदानावर त्यातले निम्मे प्रेक्षकापर्यंत पोचतच नाहीत. पोचतो तो गोंगाट.

उलट, मोकळा झालेला वेळ बरोबर ठिकाणी खर्च झाला तर त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. सूर सुटतात ते एकाच क्षणी सुटतात, लागण्यापेक्षा सुटणं एकसारखं करणं अवघड असतं. हळू आवाजातही स्वर पातळ होत नाही. लय बदलते त्या सांध्यावर पहिल्या दोन मात्रा चाचपडत नाहीत. १९८८ आणि १९८९ ची मुद्रणं लावून या तीन जागा तीनतीनदा ऐका. प्रत्येक वेळी कुठलं वर्ष चाललंय ते दुसऱ्या कोणाला तरी लपवायला सांगा. निकाल माहीत असताना १९८९ चांगलंच वाटतं, त्यात कानाचा दोष नाही.

हे विजेतेपद व्हॅनगार्डला १९८१ नंतर आठ वर्षांनी मिळालं. आधीची १९७३, १९७४ आणि १९७८ ची होती. लगेच पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, ब्यूगलला तिसरा व्हॉल्व्ह लावायची मुभा मिळाली आणि खालच्या सप्तकातले ई फ्लॅट, डी, सी शार्प आणि ए फ्लॅट वाद्यात आले. त्यानंतर कोणी हीच प्रारंभिका वाजवली तर कॉन्ट्राबासला ती ओळ तळापर्यंत सरळ उतरता येते. अशा मुद्रणाची तुलना १९८८ किंवा १९८९ शी करायची तर आधी वाद्यांतला फरक वजा करावा लागेल, वादकांतला नंतर.